न्हावी निवडावा कसा, त्याला द्यावे किती



विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी मनसोक्त हसून घेतले. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्त सांगावा, राजकारण सांगावे, फार तर अर्थशास्त्र सांगावे. हजामतीवर काय सांगणार? माझे म्हणणे असे की, या पटांगणात बसलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष महिन्यातून एकदा तरी आपली मान दुसऱ्याच्या हाती देतो आणि त्या हातात वस्तरा असतो. एवढा विश्वास आपण सावकारावर टाकत नाही, पुढाऱ्यावर तर नाहीच नाही. मग त्या माणसाची निवड करताना आपण काय पाहतो आणि खुर्चीवरून उठताना त्याच्या हातावर काय ठेवतो, याचा तासभर विचार केला तर बिघडले कुठे?

माझा स्वतःचा धंदा कामगार संघटनेचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेतनाच्या पावत्या वाचण्यात माझे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे वाचन मी बरेचसे केशकर्तनालयाच्या बाकावर केले, कारण तिथे तीन वर्तमानपत्रे फुकट मिळत आणि पाळी येईपर्यंत कोणी उठा म्हणत नसे. त्या बाकाचे ऋण माझ्यावर आहे. पण आज मी बोलणार आहे ते ऋणापोटी नव्हे, हिशेबापोटी.

प्रथम दामाचा इतिहास पाहू. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. तो डोकी मोजून पैसे घेत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन प्रत्येक शेतकऱ्याकडून ठरलेले धान्य घ्यायचे आणि वर्षभर त्या घरातील सर्व पुरुषांची हजामत करायची, असा तो व्यवहार होता. शिवाय लग्नकार्यात राबायचे, निरोप पोचवायचे, अंग रगडायचे. हे सर्व त्या पेंढीतच. काही लोक या पद्धतीची फार गोडवी गातात. तिच्यात एक गुण होता, तो मी नाकारत नाही: गावात पीक आले तर न्हाव्याची चूल पेटण्याची हमी होती. पण मजुरी ठरवणारा गाव होता. न्हावी नव्हता. काम वाढले म्हणून त्याला धान्य वाढवून मागता येत नसे, काम आवडले नाही म्हणून नाकारता येत नसे, आणि दुष्काळात त्याचा वाटा सर्वांच्या शेवटी निघे. ज्याला आपल्या कामाचा भाव सांगता येत नाही आणि नकारही देता येत नाही, त्याला मी स्वतंत्र कारागीर म्हणणार नाही.

आपल्या भाषेने तर त्याच्यावर आणखीच अन्याय केला आहे. कोणी कोणाला लुबाडले की आपण म्हणतो, त्याची हजामत केली. निर्दयपणे लुबाडले तर बिनपाण्याने केली. मूळ अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून दूषित रक्त काढणारा, अर्धा वैद्यच. त्या वैद्याचे आपण लुटारू करून टाकले. प्रत्यक्षात खुर्चीवरचा आणि खुर्चीमागचा यांपैकी अधिक वेळा कोण लुटला जातो, ते पुढे हिशेबात दिसेल.

या माणसाने नकार दिला, आणि तोही आपल्या पोटावर पाय देऊन दिला, अशी एक घटना या प्रांताच्या इतिहासात आहे. ती प्रत्येक कामगाराच्या मुलाला शाळेत शिकवावी अशी आहे. त्या काळी ब्राह्मण व तत्सम जातींत विधवा स्त्रीचे केशवपन करण्याची चाल होती. नवरा वारला की त्या मुलीला, मग ती बारा वर्षांची का असेना, न्हाव्यापुढे बसवीत. आणि केस वाढतील तसतसे पुन्हा पुन्हा बसवीत. आपल्या नाशिकसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी तर हा धंद्याचा भाग होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. शेकडो कारागीर जमले आणि त्यांनी ठरविले की यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. ज्या १८९० साली त्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली, त्याच साली हा न्हाव्यांचा ठराव झाला. आमच्या चळवळीत पहिल्या संपांच्या गोष्टी नेहमी गिरण्यांच्या सांगितल्या जातात. परंतु पगारवाढ मागणारा संप आणि स्वतःची मजुरी बुडवून परक्या स्त्रीची बेइज्जती थांबविणारा संप, यांत मोठा कोणता, हे तुम्हीच ठरवा. कायदा तेव्हा त्या विधवेच्या मदतीला आलेला नव्हता. वस्तरा धरणारा आला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकतर्फी ठरेल. याच न्हाव्याने कित्येक पिढ्या अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या डोक्याला हात लावला नाही. म्हशी भादरीन, पण याला शिवणार नाही, असे प्रकार गावोगाव होते. त्यात जातीचा अहंकार होता, तसा धाकही होता. महारवाड्यात वस्तरा नेला तर पाटीलवाडा आपले बलुते बंद करील, ही भीती खोटी नव्हती. इथून हाकेच्या अंतरावर २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो देवळाच्या दारासाठी होता. पण देवळाचे दार वर्षातून दहा वेळा लागते, न्हाव्याचे दार महिन्याला लागते. घटना समितीत १९४८ साली सार्वजनिक दुकानांत भेदभाव नको या कलमाची चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दात केशकर्तनालय येते की नाही असा प्रश्न निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या शब्दाचा अर्थ व्यापक सांगितला: जो कोणी येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपली सेवा देण्यास तयार होऊन बसला आहे, त्याची जागा ते दुकान. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. असे असून देशाच्या कुठल्या ना कुठल्या खेड्यातून केस कापायला नकार दिल्याची बातमी अजूनही अधूनमधून येते. म्हणून न्हावी निवडण्याची माझी पहिली कसोटी कात्रीची नाही. ज्या दुकानात कोणीही माणूस आला तर त्याच बाकावर बसतो, त्याच पाळीने उठतो आणि त्याच टॉवेलाने पुसला जातो, त्या दुकानात मी जातो.

आता हिशेब. आकडे मी समजुतीसाठी धरतो. तुम्ही आपापल्या गल्लीतले घालून पाहा. पंचवटीत किंवा सिडकोत दोन खुर्च्यांचे साधे दुकान आहे. रविवारी रीघ लागते, सोमवारी बहुतेक दुकाने बंद, आणि गुरुवारी-शनिवारी लोक वारामुळे फिरकत नाहीत. सरासरीने एका खुर्चीवर रोज दहा गिऱ्हाइके, आणि दाढी-कटिंग मिळून दर गिऱ्हाइकाचे ८० रुपये, असे धरू. दिवसाचे ८०० झाले, २६ दिवसांचे २०,८००. खुर्चीवर मालक स्वतः नसेल तर तिथे कारागीर असतो, आणि या धंद्यात कारागिराला पगार क्वचितच असतो, वाटा असतो. पुष्कळ ठिकाणी तो निम्मा आहे. म्हणजे १०,४०० रुपये कारागिराचे. सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली. मधली जेवणाची सुट्टी आणि मंद वेळ सोडून दहा तास धरले तर महिन्याचे २६० तास झाले. १०,४०० ला २६० ने भागा. तासाला ४० रुपये पडतात. उरलेल्या निम्म्यात मालकाने गाळ्याचे भाडे, वीज, पाणी, पाती, क्रीम, टॉवेलांची धुलाई आणि यंत्रांची दुरुस्ती भागवायची आहे. तेव्हा मालकालाही मी लगेच भांडवलदार म्हणणार नाही. तो बहुधा दुसऱ्या खुर्चीवर उभाच असतो.

वाट्याची ही पद्धत मला कारखान्यातल्या कंत्राटी मजुरीपेक्षा अधिक फसवी वाटते, कारण ती भागीदारीचे सोंग घेते. नफ्यात वाटा असेल तर ती भागीदारी. इथे कारागिराला गिऱ्हाइकांच्या येण्या-न येण्यात वाटा दिलेला आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, तेव्हा हे उघडे पडले. महाराष्ट्रात केशकर्तनालयांना परवानगी मिळाली ती २८ जूनपासून, तीही केस कापण्यासारख्या निवडक कामांपुरती, दाढी सोडून. तीन महिने शून्य उत्पन्न, आणि शून्याचा निम्मा वाटा शून्यच. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला राज्य विम्याचा कायदा लागू होत नाही, विसापेक्षा कमी असली तर भविष्य निर्वाह निधीचा नाही. दोन खुर्च्यांच्या दुकानातला माणूस आजारी पडला, तर त्याची रजा त्याच्याच खिशातून जाते. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने किमान वेतनाचा हक्क कागदावर सर्वच नोकऱ्यांना दिला आहे. पूर्वी तो सरकारने यादीत घातलेल्या धंद्यांपुरताच होता. पण वाट्यावरचा माणूस नोकर की भागीदार, याचा निकाल लागल्याखेरीज तो हक्क त्याच्या पदरात पडायचा नाही. हे काम त्यांच्या संघटनेचे आहे. समाजाच्या संघटना दरपत्रक छापतात, आरशाशेजारी लावतात, ते चांगलेच आहे. पण दरपत्रक गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यामधले झाले. दुकान आणि कारागीर यांच्यामधल्या दराचा तक्ता मी तरी अजून कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही. मालक आणि कारागीर एकाच नात्यातले असतात, मामा-भाचे असतात. म्हणून तो विषय निघत नाही. मामाकडून मजुरी मागणे हे गिरणीमालकाकडून मागण्यापेक्षा अवघड!

आता गिऱ्हाइकाने काय द्यावे? पहिली गोष्ट, फलकावरचा दर द्यावा आणि घासाघीस करू नये. शंभराच्या कटिंगमध्ये तुम्ही वीस कमी केलेत तर त्यातले दहा कारागिराचे गेले, हे ध्यानात ठेवावे. फलक नसेल तर बसण्यापूर्वी विचारावे. बसल्यावर विचारणे म्हणजे अर्धे डोके भादरल्यावर सौदा करणे. दुसरी गोष्ट बक्षिसीची. हल्ली आरशावर चौकोनी नक्षीचा कागद चिकटवलेला असतो, मोबाईल धरला की पैसे जातात. ते जातात मालकाच्या खात्यावर. तुम्ही कारागिरावर खूश होऊन त्यात वीस रुपये अधिक घातलेत, तर ते त्याला मिळतीलच अशी खात्री नाही. बक्षिसी द्यायची तर नाणे-नोट त्याच्या हातात द्यावी, नाहीतर त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर पाठवावी. तिसरी गोष्ट उधारीची. महिन्याचे खाते ठेवायचे असेल तर ते महिना संपताना चुकते करावे; दिवाळीपर्यंत लांबविणे म्हणजे पुन्हा बलुते सुरू करण्यासारखेच आहे.

निवडीकडे वळू. नवे दुकान पाहायचे असेल तर रविवारी जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, आणि दहा मिनिटे नुसते बाकावर बसा. पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे पाते. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे, तुमच्या डोळ्यांदेखत कागदातून निघाले पाहिजे. बरेच कारागीर काटकसर म्हणून एका पात्याचे दोन तुकडे करतात. त्यालाही हरकत नाही, मात्र दुसरा तुकडा न वापरलेलाच हवा. ब प्रकारची कावीळ आणि तसलेच दुसरे रोग रक्तातून पसरतात, आणि दाढी करताना झालेली जखम डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असू शकते. सर्वांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडा त्याच कारणाने नको. स्वतःचा खडा घरून न्यावा, तो स्वस्त असतो. यंत्राच्या दात्यांत आणि कंगव्यात गजकर्णाची बुरशी राहते, म्हणून यंत्र पुसले जाते की नाही ते पाहावे. मुलांच्या डोक्यावर चट्टे पडून केस झडू लागले तर कारण पुष्कळदा हेच असते. आणि मान कडकन मोडून देणाऱ्याला हात जोडून नको म्हणावे. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आणि श्वासाच्या पडद्याची मज्जातंतू त्या झटक्याने दुखावू शकते. तो ते प्रेमाने करतो, हे खरे. पण मान आपली आहे.

कौशल्य ओळखायचे तर तो आधी काय करतो ते पाहा. चांगला कारागीर कात्री उचलण्यापूर्वी केसांत बोटे घालतो, डोक्यावरचा भोवरा कुठल्या बाजूला फिरतो ते पाहतो, मागच्या वेळी कधी कापले होते ते विचारतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे या एका प्रश्नावरून त्याला पुष्कळ कळते. लहान पोराला खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून बसवले आहे आणि ते रडते आहे, अशा वेळी जो कारागीर घाई करीत नाही, त्याच्याकडे निर्धास्त जावे. म्हाताऱ्याच्या सैल कातडीची दाढी करताना जो डाव्या हाताने कातडी ताणून धरतो, त्याचा हात शिकलेला आहे. आणि आपणही नीट सांगायला शिकले पाहिजे. "थोडे बारीक करा" याला काही अर्थ नाही. यंत्राच्या कंगव्याला नंबर असतात: एक म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, चार म्हणजे १२ च्या आसपास. बाजूला दोन नंबर, वर दोन बोटे ठेवा, असे सांगितले की भांडणाला जागा राहत नाही.

मोठ्या थंडगार सलूनविषयी थोडे सांगतो, कारण तुमची मुले तिथे जातात. एका अशा ठिकाणी मलाही नेण्यात आले होते. आत जाताना एक भाव, आणि बाहेर येताना न मागितलेल्या तेल-मालिशीसकट दुसराच. अशा वेळी छापील बिल मागावे आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवावे. या सेवेवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानाला तो लावण्याचे सामान्यतः कारणच नाही. बिल जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलात केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ साली एका महिलेला दोन कोटी रुपये भरपाई देवविली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तो आकडा रद्द केला. नुकसान झाले असेल, पण एवढ्या रकमेला पुरावा हवा, असे त्याचे म्हणणे पडले. केस सरळ करण्याच्या काही औषधांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. गिऱ्हाईक ती वर्षातून एकदा हुंगते. तिथली मुलगी रोज हुंगते. कलप लावण्यापूर्वी दोन दिवस आधी कोपराच्या आत थेंब लावून पाहावा, हे आता डब्यावरच छापलेले असते. ते वाचावे.

भगिनींचा प्रश्न राहिला. तेवढेच केस कापायला त्यांना पुरुषांपेक्षा अधिक दर का, असे एका सभेत मला विचारले गेले. लांब केसांना वेळ अधिक लागतो, इतपत ठीक आहे. पण आखूड केसांच्या बाईलाही तोच दर लावला तर तो वेळेचा दर राहत नाही, बाईपणाचा होतो. वेळ विचारून दर विचारावा. वस्तरा हा पुरुषाचाच, हा समज तर कोल्हापूर जिल्ह्यातील हासुरसासगिरीच्या शांताबाई यादवांनी केव्हाच मोडला. नवऱ्याच्या मागे चार मुलींना वाढविण्यासाठी त्या गावात धोकटी घेऊन फिरल्या, आणि आधी हसणारे तेच पुरुष पुढे त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले.

शेवटी आपल्या घाटाकडे येतो. रामकुंडावर दशक्रियेसाठी, तीर्थविधीसाठी रोज शेकडो डोकी उतरतात. आलेला माणूस दुःखात असतो, परगावचा असतो, वरचेवर येणारा नसतो. त्यामुळे भाव विचारण्याचे त्याला सुचत नाही आणि भाव सांगण्याची घाटाला सवय नाही. मग मुंडण झाल्यावर वाद होतो, आणि गावी जाऊन तो नाशिकला नावे ठेवतो. बसणाऱ्या कारागिराची स्थिती पाहाल तर त्याचीही सोय कोणी केलेली नाही. छत्रीखाली दगडावर तो बसतो, पाणी लांबून आणतो, आणि केस वाऱ्याबरोबर गोदावरीत जातात. २०१५ च्या सिंहस्थात हे सर्व शंभर पटीने झाले, आणि २०२७ च्या स्नानांसाठी पुन्हा कोट्यवधींचे खर्च ठरत आहेत. त्यात पालिकेने घाटावर मराठी, हिंदी व गुजराती अशा तीन भाषांत मुंडणाच्या दराचा फलक लावावा, कारागिरांना ओळखपत्र आणि बसायला सावलीचा ओटा द्यावा, दर दहा बैठकांमागे एक नळ, केसांसाठी झाकणाचा डबा आणि वापरलेल्या पात्यांसाठी वेगळा पत्र्याचा डबा ठेवावा. या मागणीचा अर्ज मी बरोबर आणला आहे. घाटावरच्या काही कारागिरांनी त्यावर आधीच सह्या केल्या आहेत. व्याख्यानानंतर तो दाराजवळच्या टेबलावर ठेवलेला असेल.